वाळूचा तक्ता

आमच्या बेटावरच्या विमानतळाची धावपट्टी दिवसातून दोनदा समुद्राखाली जाते. ओहोटीला वाळू उघडी पडली की विमान उतरतं, भरती आली की तिथेच मासे फिरतात. त्यामुळे आमच्या विमानाची वेळ ग्लासगोचे साहेब ठरवत नाहीत, चंद्र ठरवतो. चंद्राचं म्हणणं कागदावर उतरवायचं काम एकतीस वर्षं माझ्याकडे आहे. त्या कागदाला आम्ही वाळूचा तक्ता म्हणतो. महिन्याच्या प्रत्येक तारखेपुढे वाळू किती वाजता उघडणार आणि किती वाजता बुडणार, एवढंच त्यात असतं. खाली माझी सही, एफी गॅलब्रेथ, स्टेशन प्रमुख. हा तक्ता ग्लासगोला गेला की विमान कंपनी त्याच्यावर आपल्या फेऱ्या बसवते.

कंपनीच्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. विमान उशिरा आलं किंवा रद्द झालं की त्यांना कारणाचा एक आकडा नोंदवावा लागतो. धुक्याचा एक आकडा, यंत्र बिघडलं तर दुसरा, वैमानिक वेळेवर आला नाही तर तिसरा. असे कितीतरी आहेत, आणि त्यात एक आकडा स्टेशनच्या चुकीचाही आहे. एकतीस वर्षांत तो आकडा माझ्या नावापुढे एकदाही पडला नव्हता, आणि हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगायची. नाकानं कांदे सोलायची मला सवयच लागली होती म्हणा ना.

त्या सोमवारी मार्चची तीस तारीख होती. विमान एकला यायचं होतं आणि यागनमामा अकरालाच येऊन बसला होता. यागनमामा म्हणजे माझ्या आईचा मावसभाऊ. वय एकोणऐंशी, सगळा जन्म शेवंडांचे पिंजरे टाकण्यात गेला. डाव्या डोळ्यानं त्याला काहीच दिसत नाही. उजव्यातला मोतीबिंदू इतका पिकला होता की कपात चहा किती ओतला ते तो बोट बुडवून बघायचा. त्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ग्लासगोच्या इस्पितळात होतं. चौदा महिने वाट बघून मिळालेली तारीख, आणि ही तिसरी. पहिली नोव्हेंबरात धुक्यानं खाल्ली, दुसरी जानेवारीत विमानाच्या इंजिनानं. इस्पितळाचा नियम असा की तीनदा गैरहजर राहिलात की तुमचं नाव यादीच्या तळाशी. का आला नाहीत, हे कोणी विचारत नाही. त्यात काउन्सिलची बाई महिन्यापूर्वी येऊन सांगून गेली होती की उन्हाळ्यापर्यंत डोळा सुधारला नाही, तर एकट्यानं राहणं बंद. समुद्रापलीकडे वृद्धाश्रमात जागा बघू म्हणाली. मोठी बोट सकाळी सातलाच सुटून गेली होती. म्हणजे आजचं विमान, नाहीतर वृद्धाश्रम, असा हिशोब सरळ होता.

मामानं बायकोच्या मयताला शिवलेला काळा सूट घातला होता. मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात उकडलेली अंडी. विमान आलं की मला हाक मार, म्हणाला, मला ढग आणि विमान सारखंच दिसतं. मी म्हटलं, ढगाला पंखा नसतो, मामा. तो हसला. पण डब्याचं झाकण काढत-लावत राहिला.

सकाळी आमच्या टॉर्किलशी माझा एक छोटा खटका उडाला होता. टॉर्किल म्हणजे आग लागली तर बंब चालवणारा, नाही लागली तर बॅगा उचलणारा, आणि रोज वाळू तपासणारा, असा सगळं करणारा एकच माणूस. साडेनवाला तो गुडघाभर बूट चढवून परत आला आणि म्हणाला की तक्त्यात नऊ वीसला वाळू उघडणार असं लिहिलंय, पण किनाऱ्यापासून आत समुद्राकडे रोवलेल्या तीन खांबांपैकी पहिल्यापाशीच पाणी अजून आहे. आदल्याच दिवशी, रविवारी, सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे गेली होती, तशी दरवर्षी जातात. मी त्याला सुनावलं की तुझी तासाची झोप बुडाली, त्याचा राग समुद्रावर काढू नकोस, वाऱ्यानं पाणी थोडं मागेपुढे होतंच. तो काहीतरी पुटपुटत गेला. तासाभरानं वाळू नीट उघडी पडली आणि मी ती गोष्ट विसरून गेले.

साडेबाराला कळलं की विमान उशिरा निघणार. एकला कळलं की आणखी उशीर. आणि दोनला दहा मिनिटं कमी असताना पडद्यावर अक्षरं आली: फेरी रद्द. कारण, वाळूची वेळ संपत आहे.

हॉलमध्ये अकरा माणसं होती. दहा जणांनी मान हलवली, शिव्या घातल्या आणि घरी फोन लावला. बेटावरच्या माणसाला रद्द हा शब्द नवा नसतो. यागनमामा मात्र तसाच बसून राहिला. कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं, तेव्हा त्यानं डबा उघडला, एक अंडं काढलं, आणि न खाताच परत आत ठेवलं. ते बघून माझं डोकं फिरलं. मी ऑफिसात जाऊन दार लावलं आणि ग्लासगोला फोन लावला.

ग्लासगोच्या त्या खोलीत एक माणूस बसतो. सगळी विमानं, सगळे वैमानिक आणि सगळे उशीर त्याच्यासमोर असतात. त्या दिवशी बार्क्ली नावाचा माणूस होता. आवाज शांत, जरा जास्तच शांत. त्यानं मला सगळं नीट समजावून सांगितलं, आणि तोच तर वैताग होता, कारण त्यात खोट काढता येत नव्हती. सकाळी एका विमानाच्या पुढच्या काचेला तडा गेला. तीन विमानांचं काम दोन विमानांवर आलं. एक फेरी उशिरा की तिच्या मागच्या सगळ्या उशिरा, आणि संध्याकाळी वैमानिकांचे कामाचे तास संपतात, मग शेवटच्या फेऱ्या आपोआप मरतात. म्हणून मधलीच एखादी फेरी मारायची आणि बाकीच्या चार वाचवायच्या. कोणती मारायची? जिथे माणसं कमी आणि जिथे तसंही पोचता येणार नाही ती. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, पण ते मी त्याला कशाला सांगेन?

"तीन वीसला तुमची वाळू बंद होते, मिस गॅलब्रेथ," तो म्हणाला. "विमान लवकरात लवकर तीन पंचवीसला पोचेल."

मी खिडकीबाहेर बघत होते. तिसऱ्या खांबाच्याही पलीकडे दोन बायका वाकून शिंपल्या वेचत होत्या. त्यांच्या पलीकडे पाण्याची नुसती एक करडी रेघ. तक्त्याप्रमाणे भरती सुरू होऊन दीड तास झाला होता. दीड तासात त्या बायकांच्या बादल्या तरंगायला हव्या होत्या.

मी म्हटलं, "अहो, मी खिडकीतून बघतेय. पाणी पार लांब आहे. तीन वीसला वाळू बंद होते असं कोणी सांगितलं तुम्हाला? तुमच्या त्या मशीननं?"

"तुमच्या तक्त्यानं," बार्क्ली म्हणाला. "माझ्यासमोर आहे. खाली तुमची सही आहे."

आता त्याच्यासमोरचा कागद आणि माझ्या खिडकीतला समुद्र, दोन्ही खरे कसे असतील? मी त्याला थांबायला सांगितलं आणि कपाटातून भरती-ओहोटीचं पुस्तक काढलं. ते पुस्तक बारा महिने हिवाळ्याच्या वेळेनं छापतात. मार्चच्या शेवटच्या रविवारनंतर प्रत्येक आकड्यात एक तास हातानं मिळवायचा असतो, ऑक्टोबरपर्यंत. शाळेतल्या पोरालाही जमेल असं काम. एप्रिलच्या तक्त्यात मी तो मिळवला होता, पहिल्या तारखेपासून. मार्चच्या तक्त्यावर मी बोट ठेवून खाली आले. अठ्ठावीस, शनिवार, बरोबर. एकोणतीस, रविवार, विमान नाही, नुसती रेघ. तीस आणि एकतीस, दोन ओळी. त्यात तास मिळवायचा राहिला होता. महिना मार्चचा, म्हणून हात मार्चच्याच चालीनं चालत राहिला होता.

 टॉर्किल सकाळी बरोबर होता. शिंपल्या वेचणाऱ्या बायका बरोबर होत्या. वाळू तीन वीसला नाही, चार वीसला बंद होणार होती. फेरी रद्द झाली ती माझ्या दोन ओळींमुळे, आणि मी इकडे ग्लासगोवर डाफरत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, आणि इथे तर चोर स्वतःच ओरडत होता.

आता एक गोष्ट कबूल करते. मला वाट दिसली होती. वाऱ्यानं पाणी मागे रोखून धरलंय, म्हणून आज वाळू एक तास जास्त उघडी आहे, एवढं म्हणायचा अधिकार मला आहे. तोंडी सांगितलं तरी चालतं. बार्क्लीनं मान डोलावली असती, विमान आलं असतं, मामा गेला असता, आणि माझा एकतीस वर्षांचा कोरा कागद कोराच राहिला असता. उलट खरं सांगितलं तर? ज्या बाईचा एक तक्ता चुकला, तिच्या शब्दावर विमान कोण पाठवेल? खरं बोलूनच मामाचा डोळा गेला असता. फोन कानाशी धरून मी हा सगळा विचार केला, आणि तो करायला मला वेळही फार लागला नाही, याची लाज वाटते.

पण वाऱ्यानं दिलेला तास वारा कधीही परत घेतो. वैमानिक वाऱ्याच्या भरवशावर येतो तेव्हा वेगळ्या हिशोबानं येतो, चंद्राच्या भरवशावर येतो तेव्हा वेगळ्या. आकाशातून खाली बघणाऱ्या माणसाला मी पाण्याबद्दल खोटं सांगणार? आणि उद्याची ओळही चुकीचीच होती.

"मिस्टर बार्क्ली," मी म्हटलं, "तक्ता चुकलाय. चूक माझी आहे. घड्याळं पुढे गेली, तो तास मी आजच्या आणि उद्याच्या ओळीत मिळवला नाही. वाळू चार वीसपर्यंत उघडी आहे. विमान दोन चाळीसला सुटलं तर तीन पन्नासला इथे, आणि चार दहाला परत वर. मला ते विमान हवंय."

पलीकडे कागद सळसळला. मागे कुठेतरी दुसरे फोन वाजत होते. मग त्यानं नेमका तोच प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती: मग एप्रिलच्या तक्त्यावर तरी मी विश्वास का ठेवू? मी म्हटलं ठेवू नका, पुस्तक उघडा. त्याच्याकडेही ते पुस्तक होतं. मी सांगेन त्या नाही, तुम्हाला वाटतील त्या तारखा घ्या, म्हटलं. त्यानं चार घेतल्या. मी पुस्तकातला आकडा वाचायची, तास मिळवायची, तक्त्यातला वाचायची, आणि तो त्याच्याकडे ताडून बघायचा. चारही जुळल्या. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग तो म्हणाला की तोंडी काही चालणार नाही. दुरुस्त केलेली वेळ लेखी हवी, दोन सह्यांनी. दुसरी सही अशा माणसाची, ज्यानं आत्ता, या क्षणी, वाळूवर उभं राहून पाणी मोजलंय. दर दहा मिनिटांनी मोजमाप हवं, विमान उतरेपर्यंत. ते विमान त्यानं अडीचच्या दुसऱ्या फेरीला देऊन टाकलं होतं, तेही त्याला परत ओढावं लागणार होतं, आणि त्या फेरीच्या लोकांच्या शिव्या त्याच्या अंगावर. अडीचपर्यंत कागद आला नाही तर विसरा, म्हणाला. मी म्हटलं, कागद येतो.

टॉर्किल गॅरेजमध्ये सँडविच खात बसला होता. मी त्याला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. त्यानं सँडविच खाली ठेवलं, तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा मला सोलणार. सकाळचं सगळं व्याजासकट ऐकवायचा त्याला पूर्ण हक्क होता.

"झोप माझी बुडाली होती ना?" एवढंच म्हणाला, आणि किल्ल्या घेऊन पळाला.

जीप सुसाट वाळूवर गेली. वायरलेसवर त्याचा आवाज आला. पहिला खांब कोरडा, दुसरा कोरडा, तिसरा कोरडा, तिसऱ्याच्या पुढे दोनशे पावलं पाणी नाही. मी लिहीत होते. तो परत आला, ओल्या हातानंच सही केली, आणि कागद दोन अठ्ठावीसला ग्लासगोला पोचला. दोन चौतीसला पडद्यावरचा रद्द हा शब्द गेला. त्याच्या जागी आलं: सुटते आहे.

हॉलमध्ये चारच माणसं उरली होती. बाकीच्यांना मी एकेकाला फोन केला, निघा तसे या. यागनमामाच्या शेजारी जाऊन बसले आणि सांगितलं की विमान येतंय. त्यानं माझा हात धरला. मग लागला ग्लासगोला शिव्या द्यायला. खुर्चीत बसून बेटाचं वाटोळं करणारी माणसं, यांना पाणी कधी दिसलंय का, तू भांडलीस म्हणून, एफी, नाहीतर ह्यांनी मला आंधळा करूनच सोडला असता. आजूबाजूचे मान डोलावत होते. मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. एका अनोळखी माणसाला फोनवर सांगितलं होतं, ते जमलं होतं. इथे माझा हात धरून बसलेल्या म्हाताऱ्याला सांगायची माझी छाती झाली नाही. मी म्हटलं, मामा, तुझी बॅग बघते. आणि उठले.

पुढचा तास मी खिडकी आणि वायरलेस यांच्यात काढला. दोन चाळीस, सगळं कोरडं. तीन वाजता तसंच. तीन दहाला तिसऱ्या खांबाच्या बुडाशी पहिलं पाणी लागलं, तीन वीसला तिसरा खांब ओला. भरती एकदा उठली की चालत नाही, धावते. विमान चालवणारी कॅप्टन इनेस तीन चाळीसला वायरलेसवर आली. तिनं मला एकच विचारलं, दुसरा खांब कसा आहे? मी म्हटलं, कोरडा. ती म्हणाली, मी वरून बघेन, दुसऱ्याला पाणी दिसलं तर एक चक्कर मारून परत जाईन, वाद घालायचा नाही. मी म्हटलं, घालणार नाही.

तीन त्रेपन्नला चाकं वाळूला लागली आणि दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडाले. नऊ माणसं उतरली. टॉर्किलनं बॅगा अशा फेकल्या की एरवी मी त्याला तंबी दिली असती. अकरातली नऊच माणसं परत येऊन पोचली होती, ती चढली. मामाला मी हाताला धरून नेलं. शिडीपाशी त्याचा पाय चाचपडला, मी तो उचलून पायरीवर ठेवला. पंखा फिरायला लागला होता. आत्ता सांगावं असं परत मनात आलं. पण घड्याळात चार वाजून सहा मिनिटं झाली होती, आणि माझी पाठ आधीच वळली होती.

चार अकराला विमान वर गेलं. सहा मिनिटांनी दुसऱ्या खांबाला पाणी लागलं. मी तिथेच, बुटात पाणी शिरेपर्यंत उभी राहिले. टॉर्किल हॉर्न वाजवत होता, पण मला हलवेना.

संध्याकाळी बार्क्लीचा फोन आला. त्या दिवसाच्या उशिराला कारणाचा आकडा द्यायचा होता. काचेच्या तड्याचा आकडा टाकतो, म्हणाला, सुरुवात तर तिथूनच झाली, खोटंही नाही. भला माणूस. मी म्हटलं, काचेपायी उशीर झाला तो काचेच्या नावावर टाका. फेरी रद्द झाली ती माझ्या नावावर टाका. तो म्हणाला, बरं. मग वरच्या साहेबांचा फोन आला की यापुढे तक्ते ग्लासगोत होतील. त्यावर मात्र मी हटले नाही. चूक मी केलीय, शिक्षा द्या, पण समुद्र न बघता तक्ता करायचा असेल तर निदान या वाळूवर येऊन एकदा उभे राहा, म्हटलं. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं की तक्ता इथेच होईल, पण यापुढे दोघांच्या सह्यांनी.

रात्री झोप लागली नाही. मंगळवारी सकाळी मी अहवाल लिहिला. मोठ्या अक्षरात, साध्या भाषेत. एक प्रत ग्लासगोला पाठवली आणि दुसरी हॉलमधल्या फळ्यावर टाचली, हरवलेल्या कुत्र्याच्या आणि नाचाच्या कार्यक्रमाच्या चिठ्ठ्यांच्या मधोमध. सगळं बेट येऊन वाचून गेलं.  दुकानात दोघी-तिघींनी मला घड्याळ बरोबर आहे का म्हणून विचारलं, ते मी ऐकून घेतलं.

टॉर्किल फळ्यासमोर बराच वेळ उभा होता. म्हणाला, "सगळ्यांना सांगितलंस. ज्याला सांगायचं त्याला सोडून. त्याला वाचता येत नाही म्हणून इथे लावलास का?"

हे मला फार लागलं, कारण ते अर्धं खरं होतं. मी म्हटलं, "गुरुवारी येईल वाचता."

गुरुवारचं विमान वेळेवर आलं. यागनमामा शिडीवरून स्वतःचा स्वतः उतरला. डोळ्यावर काळा चष्मा, हातात तोच डबा. शिडीच्या खाली थांबून त्यानं वाळूकडे बघितलं, मग खांबांकडे, मग माझ्याकडे. मी हात पुढे केला तर म्हणाला, मला दिसतंय. आत आला, चष्मा काढला, आणि हॉलभर हिंडायला लागला. चहाच्या किमतीची पाटी वाचली. नाचाची चिठ्ठी वाचली. हरवलेलं कुत्रं कोणाचं ते सांगितलं. तीन वर्षांत त्यानं एक अक्षर वाचलं नव्हतं, आणि आता जे दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटला होता. लोक हसत होते. मी जागची हलले नाही.

मग तो माझ्या कागदापाशी आला.

"सोमवार आणि मंगळवारचा वाळूचा तक्ता चुकीचा होता," त्यानं वाचलं. "चूक ग्लासगोची नाही. चूक माझी. या चुकीमुळे," इथे तो थांबला, नाक कागदाजवळ नेलं, परत मागे घेतलं, "या चुकीमुळे यागन मॅकफी यांचं ऑपरेशन चुकलं असतं आणि त्यांचा डोळा गेला असता. एफी गॅलब्रेथ."

हॉलमध्ये कोणी हसत नव्हतं. तो कागदाकडेच बघत होता.

"सोमवारी का नाही सांगितलंस?"

"धीर झाला नाही, मामा."

"ग्लासगोला सांगायला झाला."

"ग्लासगोनं माझा हात धरला नव्हता."

त्यानं तो कागद परत पहिल्यापासून वाचला, या वेळी मनातल्या मनात, ओठ हलवत. मग माझ्याकडे वळला. त्या उजव्या डोळ्यात अजून लाली होती, पण डोळा स्वच्छ होता, आणि तो सरळ माझ्या तोंडाकडे बघत होता. ती नजर मला सहन होईना, तरी मी खाली बघितलं नाही.

"मेचा तक्ता लिहिलास?"

"लिहिलाय."

"आण. ते पुस्तकही आण."

त्याला घरी न्यायला त्याची भाची गाडी घेऊन आली होती. तिला त्यानं हातानंच थांब म्हणून सांगितलं. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसला, डावीकडे पुस्तक, उजवीकडे माझा तक्ता, आणि पहिल्या तारखेवर बोट ठेवलं. पुस्तकातला आकडा, अधिक एक तास, तक्त्यातला आकडा. मग दोन तारीख. मी शेजारी उभी होते. मी काही बोलायला गेले की तो दुसरं बोट वर करायचा. भाचीनं दोनदा हॉर्न वाजवला. एकतीस ओळी त्यानं अशा केल्या, एकही सोडली नाही.

शेवटच्या ओळीवरून बोट काढून त्यानं टेबलावरचं पेन घेतलं, माझ्या सहीखाली आपली सही केली, आणि तक्ता माझ्याकडे सरकवला.

"बरोबर आहे," म्हणाला.

मग मात्र मला रडू आवरलं नाही.